तुतीची पौर्णिमा आणि प्रमुख पाहुण्या

भूगोलबाईंचं म्हणणं अगदी साधं होतं. जे झाड सोमवारी तोडायचं आहे त्याच्याखाली शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून एकदा बसावं, चंद्र उगवताना बघावा, चार तुती खाव्यात, आणि मग रविवारच्या सभेत काय ते मत द्यावं. यात न समजण्यासारखं काय होतं, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत अक्षांश आणि रेखांश शिकवले होते, आणि बऱ्याच मुलांना ते समजलेही होते. बिल्डिंगच्या कमिटीपुढे मात्र त्यांनी हात टेकले.

झाड मागच्या अंगणात, बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होतं. बिल्डिंग नंतर झाली, झाड आधीचं. उन्हाळ्यात महिनाभर ते असं काही फळायचं की खालच्या फरश्या जांभळ्या होऊन जायच्या, पाखरांची जत्रा भरायची, आणि चपला घालून अंगणातून गेलेला माणूस कुठल्या मजल्यावर राहतो ते जिन्यातल्या ठशांवरून कळायचं. इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग सेक्रेटरींनी नवी पांढरी मोटार घेतली आणि ती झाडाखाली लावली.

मोटार दुसरीकडे लावता येईल, असं बाईंनी सुचवून पाहिलं. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "बाई, ती जागा मला नियमानं मिळालेली आहे. झाडाला नियमानं काही मिळालेलं नाही." सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुकानदारांची वजनं उलटी करून बघण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे समोरचा माणूस खरं बोलतोय असं त्यांना सहसा वाटत नसे. कमिटीत ठराव झाला, झाडं तोडणाऱ्या कंत्राटदाराला सोमवारची वेळ दिली गेली, आणि सूचनाफलकावर कागद लागला. चोवीस घरांपैकी तेरा घरांनी विरोधात सह्या केल्या तरच ठराव रद्द होणार होता. विरोधात तोवर एक सही होती. ती बाईंची. यजमानांची सही वेगळी धरत नाहीत, घराला एकच, असं सेक्रेटरींनी लगेच सांगून टाकलं.

तेव्हा बाईंना तुतीच्या पौर्णिमेची आठवण झाली. खरं तर ती त्यांना कायमच होती.

बाई सहा वर्षांच्या असताना त्यांच्या वडिलांची बदली एका लहान गावी झाली होती. तिथे उन्हाळ्यातल्या एका पौर्णिमेला गल्लीतली सगळी मुलं एका मोठ्या तुतीच्या झाडाखाली जमायची. पांढरी चादर चौघांनी चार कोपऱ्यांना धरायची, पाचव्यानं फांदी हलवायची, आणि चांदण्यात तुतींचा सडा पडायचा. त्या दिवशी कुणी मोठ्यानं बोलत नसे, इतकं त्या सणाचं गांभीर्य होतं. अनवाणी जायचं, रांगेनं जायचं, आणि परत आल्यावर हौदावर तोंड, हात, कोपर चांगलं घासून धुवायचं, हेही ठरलेलं होतं. गेली सहासष्ट वर्षं बाई ही आठवण सांगत आल्या होत्या. शाळेच्या वार्षिक अंकात त्यांनी यावर लेखही लिहिला होता, 'चंद्र, ऋतू आणि फळे: एका लोकोत्सवाची हकीकत', आणि मुख्याध्यापकांनी त्याला अभ्यासपूर्ण म्हटलं होतं.

"हा सण आपण इथे करू," बाई यजमानांना म्हणाल्या. "लोकांनी एकदा ते चांदणं आणि ते झाड एकत्र बघितलं ना, की तेरा काय, तेवीस सह्या होतील."

यजमानांनी आयुष्यभर घरोघर जाऊन पाण्याच्या मीटरचे आकडे टिपले होते. लोक दार उघडून काय काय बोलतात ते ऐकून घ्यायचं आणि आपला आकडा लिहून पुढे जायचं, ही सवय त्यांना लग्नातही उपयोगी पडली होती. ते "हं" म्हणाले.

सेक्रेटरी 'हं'वर थांबणारे नव्हते. "करा ना, जरूर करा," ते म्हणाले. "फक्त झाडाबद्दल अर्ज गेलेला आहे. आता त्या झाडाखाली कार्यक्रम करायचा तर उद्यान खात्याची परवानगी लागेल. मी अडवत नाही. कायदा अडवतो."

बाई उद्यान खात्यात गेल्या. ते खातं एका इमारतीच्या तळघरात होतं आणि तिथे एकही झाड नव्हतं, कुंडीतलंसुद्धा नाही. खिडकीमागचा कारकून सभ्य होता, हे बाईंनी नंतर प्रत्येकाला सांगितलं. सभ्य माणसाचा राग येणं जास्त त्रासाचं असतं.

"प्रसंग काय लिहू, मॅडम?"

"तुतीची पौर्णिमा."

त्यानं छापील यादीवरून बोट फिरवलं. "लग्न, वाढदिवस, अनावरण, स्पर्धा, आरोग्य शिबिर, शोकसभा. यात नाही."

"मग 'इतर' लिहा."

"'इतर'ला साहेबांची सही लागते. साहेब रजेवर आहेत." त्यानं बाईंकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं. "बिल्डिंगमध्ये कुणी डॉक्टर आहेत का?"

"तळमजल्यावर दातांचे आहेत."

"झालं तर. आरोग्य शिबिर लिहितो. डॉक्टरांना पाच मिनिटं बोलायला लावा, म्हणजे खोटं होणार नाही. प्रमुख पाहुणे?"

"चंद्र," बाई म्हणाल्या.

"आडनाव?"

"अहो, चंद्र. आकाशातला."

कारकुनानं पेन खाली ठेवलं नाही, हे बाईंना नंतर विशेष वाटलं. "त्यांचं संमतिपत्र लागेल," तो म्हणाला. "मागे एका मंडळानं पाहुण्यांना न विचारता नाव छापलं, आणि पाहुणे आलेच नाहीत. मोठा गोंधळ झाला. तेव्हापासून परिपत्रक आहे."

"हे येणार. शनिवारी सात वाजून आठ मिनिटांनी येणार. वर्तमानपत्रात वेळ छापून आली आहे."

"ते येतील हो मॅडम, माझा विश्वास आहे. पण सही कोण करणार? तुम्ही असं करा, सही करू शकेल असं कुणीतरी द्या. वयानं मोठं असलं तर अजून चांगलं. ज्येष्ठांना लगेच मंजुरी मिळते."

सही करू शकेल, वयानं मोठं आहे, आणि तुतीच्या पौर्णिमेला स्वतः हजर होतं, असं माणूस जगात एकच उरलं होतं. बाईंची थोरली बहीण. ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहायची. वय एक्क्याऐंशी, गुडघे नवे, जीभ जुनीच. बाईंनी फोन केला.

"मी प्रमुख पाहुणी?" ताई म्हणाली. "चिमे, मला स्टेजवर चढता येत नाही."

"स्टेज नाही. खुर्ची आहे. तू फक्त दोन शब्द बोल, आपल्या तुतीच्या पौर्णिमेबद्दल."

"तुला ते अजून आठवतं?" ताईनं विचारलं.

"आठवतं म्हणजे? मी लेख लिहिलाय त्यावर."

"अरे देवा," ताई म्हणाली. बाईंना वाटलं, बहीण भारावली.

परवानगीचा कागद फलकावर लागला आणि बिल्डिंग एकदम मदतीला धावली. मदत नको असताना धावून येणाऱ्या माणसांना थोपवायचं कसं, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. आपल्याला पाच मिनिटं बोलायचं आहे हे कळल्यावर दातांच्या डॉक्टरांनी पंचवीस मिनिटांचं भाषण लिहिलं. विषय होता, आंबट फळांनी दातांच्या आवरणाची होणारी झीज. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, लोकांनी तुती खाव्यात म्हणून हा कार्यक्रम आहे." डॉक्टर म्हणाले, "खाऊ दे की. मी फक्त पुढे काय होतं ते सांगणार."

दुसऱ्या मजल्यावर शिवणाचा क्लास चालवणाऱ्या बाई राहायच्या. त्यांना सगळी बिल्डिंग शिवणताई म्हणे. त्यांचं मत पडलं की नुसता चंद्र फिका पडेल, झाडाला दिव्यांच्या माळा हव्यात. चंद्र बघायचा तर अंधार हवा, हे बाईंनी त्यांना तीन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा शिवणताई म्हणाल्या, "बरं, मग निळ्या माळा लावू." त्यातून कशीबशी सुटका झाली तर चादरींचा प्रश्न उभा राहिला. पांढरी चादर आता कुणाच्याच घरात नव्हती. सगळीकडे फुलं, चौकटी, एका घरात तर वाघ. शेवटी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या चार पांढऱ्या चादरी मिळाल्या. देताना डॉक्टरांची बायको म्हणाली, "तेवढं डाग पडणार नाहीत असं बघा."

"वहिनी, यांच्यावर तुती पडणार आहेत."

"हो, पण अलगद पाडा ना."

बाईंनी त्या रात्री जेवताना यजमानांना विचारलं, "लोक असे का असतात?" यजमानांनी आमटी वाढून घेतली आणि म्हणाले, "मीटर वाचायला गेलो की लोक म्हणायचे, पाणी आम्ही वापरलंच नाही, नुसतं वाहून गेलं." त्याचा याच्याशी काय संबंध, हे विचारायचं त्राण बाईंमध्ये उरलं नव्हतं.

शनिवार उजाडला. सकाळी झाड असं लगडलं होतं की बाई चहाचा कप हातात घेऊन खिडकीत दहा मिनिटं उभ्या राहिल्या. खालच्या फांद्या तर हात वर केला की ओंजळ भरेल अशा. दुपारी त्या ताईला आणायला रिक्षा करून गेल्या. येईपर्यंत साडेपाच वाजले. ताईला हळूहळू अंगणात आणली, खुर्चीत बसवली, आणि मग वर पाहिलं.

खालच्या फांद्यांवर एक तुती नव्हती. नुसती पानं, आणि तीसुद्धा धुतल्यासारखी चकचकीत.

"पाहुणे येणार म्हणून साफ करून घेतलं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. "वॉचमनला सांगून काठीनं सगळं पाडलं, पाइप लावून फरशी धुतली. बघा, आता कुणाच्या कपड्यांना डाग लागणार नाही. तुम्ही मला काहीही समजा, पण मी सहकार्य करणारा माणूस आहे."

"पाडलेल्या तुती कुठे आहेत?"

"कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

माणसाच्या रागाला एक उंची असते, तिच्या पलीकडे गेलं की आवाज फुटत नाही. बाई त्या उंचीवर उभ्या होत्या. पिकलेली फळं आता फक्त शेंड्याला होती, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, जिथे वॉचमनची काठी पोचली नव्हती. पण माणसं येऊ लागली होती, खुर्च्या भरत होत्या, टेबलावर सह्यांचा कागद आणि पेन ठेवलेलं होतं, आणि सात वाजत आले होते. फळं नसली तरी चंद्र आहे, असं बाईंनी मनाला बजावलं. चंद्राला काठी लागत नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी त्या उभ्या राहिल्या. "आता सगळ्यांनी पूर्वेकडे तोंड करा," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, आणि बासष्ट माणसांनी मुकाट्यानं खुर्च्या फिरवल्या. "तीन मिनिटांत पूर्ण चंद्र क्षितिजावर येईल. क्षितिज म्हणजे काय, तर आकाश आणि जमीन जिथे टेकल्यासारखी दिसतात ती रेषा."

सगळे पूर्वेकडे बघू लागले. पूर्वेला समोरची अकरा मजली इमारत होती.

सात वाजून आठ मिनिटं झाली. दहा झाली. समोरच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एका बाईनं वाळत घातलेले कपडे काढायला सुरुवात केली, आणि बासष्ट माणसं आपल्याकडे एकटक बघताहेत हे लक्षात आल्यावर अर्धे कपडे तसेच टाकून ती आत गेली आणि तिनं पडदा ओढला.

"ती पिवळी चादर आहे, ती का?" मागून कुणीतरी विचारलं.

"बाई, क्षितिज नेमकं कितव्या मजल्यावर?" सेक्रेटरींनी अदबीनं विचारलं.

ती इमारत दोन वर्षांपूर्वी झाली होती. तिच्या बांधकामाच्या आवाजाबद्दल बाईंनी स्वतः चार तक्रारी केल्या होत्या. त्या इमारतीमुळे आपल्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येत नाही, हे त्या रोज बोलून दाखवत. आणि तरी चौतीस वर्षं फळ्यावर क्षितिजाची सरळ रेघ ओढल्यामुळे असेल, चंद्राचं गणित मांडताना त्यांनी ती रेघच धरली होती. त्यांनी यजमानांकडे पाहिलं.

"दीडेक तास लागेल त्याला तिथून वर यायला," यजमान हळूच म्हणाले. "मी परवा बघून ठेवलं होतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. तुझा विषय आहे."

तेवढ्यात रिकामा वेळ बघून दातांचे डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं. त्यानंतर लोकांच्या चेहऱ्यांवर जे काही होतं त्याला उत्साह म्हणता आलं नसतं. सह्यांच्या कागदावर पाच नावं होती आणि त्यातलं एक डॉक्टरांचं, त्यांना तो हजेरीचा कागद वाटला होता. बाईंनी शेवटचा उपाय म्हणून ताईला बोलायला सांगितलं. ज्यांनी तो सण प्रत्यक्ष पाहिला आहे अशा हयात असलेल्या दोनच व्यक्ती, वगैरे त्यांनी दोन वाक्यांत ओळख करून दिली.

ताईनं खुर्चीतूनच हात जोडले. "मी ऐंशी पार केलेली बाई," ती म्हणाली. "या वयात खोटं बोलून कशाला ओझं वाढवू. सण वगैरे काही नव्हता."

"ताई," बाई म्हणाल्या.

"थांब गं चिमे. ते झाड एका वकिलांच्या कंपाउंडमध्ये होतं. वकील भयंकर तापट. आम्ही सातआठ पोरं भिंतीवरून उड्या मारून तुती चोरायचो. पौर्णिमेलाच का, तर अंधारात पिकलेली कुठली आणि कच्ची कुठली ते कळत नाही, आणि बॅटरी वडिलांच्या उशाखाली असायची. चादर आईची, नवी. तीही चोरलेली." लोक आता खुर्च्या पुढे ओढून ऐकू लागले होते. "ही सहा वर्षांची. हिला मागे ठेवलं तर रडून घर जागं करणार, आणि नेलं तर दुसऱ्या दिवशी आईला सगळं सांगणार. मग आमच्या दादानं हिला सांगितलं की आज तुतीची पौर्णिमा, मोठा सण असतो, यात बोलायचं नसतं आणि घरी सांगायचं तर मुळीच नसतं. तुला गप्प ठेवायला आम्ही तो सण काढला होता, चिमे. मग तो दर वर्षी करावा लागला."

मग शिवणताईंनी तोंडाला पदर लावला, आणि त्यानंतर कुणालाच आवरेना.

"एकदा वकील खिडकीत येऊन असे ओरडले," ताई रंगात येऊन सांगू लागली, "की आम्ही सगळे पळालो. ही मात्र भिंतीवर बसून राहिली. वकिलांनी विचारलं, तू कुणाची? हिनं वडिलांचं नाव, हुद्दा आणि घर नंबर सांगितला, आणि वर म्हणाली, काका, तुम्ही सणाला खाली का येत नाही?"

बाईंनी शांतपणे सह्यांचा कागद उचलला, त्याची घडी केली आणि सगळ्यांना सांगितलं की कार्यक्रम संपला आहे. लोक टाळ्या वाजवत होते, पण त्या कुणासाठी आहेत हे स्पष्ट होतं. ताईभोवती घोळका जमला. जो तो आपण कुठल्या कुंपणावरून काय पळवलं होतं ते सांगत होता. डॉक्टरसुद्धा पेरूचं काहीतरी सांगत होते. बाईंनी चादरी गोळा केल्या. त्या दिल्या तशाच पांढऱ्याशुभ्र होत्या, डॉक्टरांच्या बायकोची एकटीची काय ती इच्छा पूर्ण झाली होती.

ताईचा मुलगा येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, "रागावलीस?"

"सहासष्ट वर्षं," बाई म्हणाल्या. "मध्ये कधी एकदा सांगायला काय झालं होतं?"

"तू इतक्या आनंदानं सांगायचीस," ताई म्हणाली. "आणि तो लेख छापून आल्यावर तर सोयच राहिली नाही."

वर आल्यावर बाईंनी दिवा न लावता स्वयंपाकघरात खुर्ची ओढली. यजमानांनी भात लावला. बाईंना राग नक्की कशाचा आला होता, हे त्यांनाच धड सांगता येत नव्हतं. सेक्रेटरींचा होता, तो सोपा होता. डॉक्टरांचा, शिवणताईंचा, कारकुनाचा, पिवळ्या चादरीचा, सगळ्यांचा थोडाथोडा होता. पण त्या सगळ्याखाली एक सहा वर्षांची मुलगी अनवाणी, रांगेनं, तोंडातून शब्द न काढता चालली होती, आणि तिच्या मागेपुढे चालणाऱ्या एकूण एक पोराला माहीत होतं की सण नाही. तिला एकटीलाच तो होता. आणि झाड सोमवारी जाणार होतं.

"तेरा नाही झाल्या," त्या म्हणाल्या.

"पाच झाल्या," यजमान म्हणाले. "त्यातली डॉक्टरांची ते मागे घेणारेत म्हणे."

पावणेनऊच्या सुमारास समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून चंद्र वर आला. पाण्याच्या टाकीशेजारून आधी नुसती कड दिसली, मग तो सगळा बाहेर पडला, मोठा आणि पिकल्या रंगाचा. अंगण उजळलं. शेंड्याची तुती न् तुती वेगळी दिसू लागली. बाईंनी ठरवून तिकडे पाठ केली. या दोघांशीही त्यांना आता काही कर्तव्य नव्हतं.

मग पानं सळसळली. वारा नव्हता.

बाईंनी खिडकीतून पाहिलं. झाडाला शिडी लावलेली होती. शिडीच्या पायाशी डॉक्टर आणि त्यांची बायको वाघाची चादर ताणून उभे होते. शिवणताई अनवाणी होत्या आणि ओच्यात काहीतरी भरत होत्या. पलीकडे आणखी सातआठ आकृत्या होत्या, आणि त्यांच्यात कुणीही मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळ्यात उंच फांदीपर्यंत शिडी पोचत नव्हती, म्हणून फांदीच दोरीनं खाली ओढून बांधली होती. त्या फांदीखाली, पांढऱ्या मोटारीच्या टपावर अनवाणी उभा राहून, बनियन घातलेला एक इसम दोन्ही हातांनी तुती तोंडात कोंबत होता.

खिडकी नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडकली. बाईंनी खांदा लावून ती उघडली.

"कोण आहे तिकडे?"

तो आवाज चौतीस वर्षांच्या वर्गांतून तापून आला होता. तळापासून गच्चीपर्यंत घुमला. डॉक्टरांनी चादर टाकली, त्यांची बायको त्यांच्या आधी पळाली. शिवणताई ओचा सावरत जिन्यात दिसेनाशा झाल्या. एका क्षणात अंगण रिकामं झालं, चार चपला मागे राहिल्या. मोटारीच्या टपावरचा इसम मात्र तिथेच राहिला, कारण चढताना त्यानं शिडी वापरली होती आणि पळणाऱ्यांपैकी कुणीतरी घाबरून ती बरोबर नेली होती.

"बाई, हळू," तो म्हणाला. "लोक ऐकतील."

"सेक्रेटरीसाहेब, आपण?"

"पाहणी करतोय."

"तोंडात काय आहे?"

सेक्रेटरींनी गिळलं. "काही नाही."

"हात दाखवा."

नोकरीत असताना ज्यांनी शेकडो दुकानदारांना नेमकं हेच सांगितलं होतं, त्या गृहस्थांनी टपावर उभं राहून दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत जांभळे. मग त्यांनी वर चंद्राकडे पाहिलं आणि अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, "बाई, आमच्या घरी फार शिस्त होती. मला कधी कुणी नेलंच नाही हो."

बाईंनी यजमानांना स्टूल घेऊन खाली पाठवलं. यजमान अर्धा तास वर आले नाहीत, आणि आले तेव्हा त्यांनी आधी न्हाणीघर गाठलं.

रविवारच्या सभेला सगळे वेळेवर आले आणि सगळ्यांचे हात खिशांत किंवा पदराखाली होते. सेक्रेटरींनी एका दमात वाचून दाखवलं की झाडाबाबतचा ठराव तांत्रिक कारणास्तव मागे घेण्यात येत आहे आणि मोटारीची जागा बदलण्यात येत आहे. कुणाची हरकत असल्यास हात वर करावा. एकही हात वर झाला नाही.

बाई विजयी मुद्रेनं जिन्यात आल्या आणि फलकाशी थांबल्या. तिथे नवा कागद लागला होता. झाड राहील, असं पहिल्या ओळीत होतं. कार्यक्रमाबद्दल, परवानगीबद्दल, तळघरातल्या त्या दुपारीबद्दल, भूगोलबाई या नावाबद्दल अक्षर नव्हतं. दुसरी ओळ अशी होती: 'पौर्णिमेच्या संध्याकाळी झाडावर असलेल्या व्यक्ती दचकून पडण्याचा संभव असल्याने पहिल्या मजल्यावरील सभासदांनी खिडकीतून ओरडू नये.'

मागच्या बाजूला खिडकी असलेलं घर पहिल्या मजल्यावर एकच होतं.

"बघितलंत?" बाई घरात शिरता शिरता म्हणाल्या. संताप त्यांच्या कपाळावर मावत नव्हता. "चोरी करणार हे, आणि सूचना मला. मी ओरडू नये म्हणे. मी ओरडणार. पुढच्या वर्षी ओरडणार, त्याच्या पुढच्या वर्षी ओरडणार, आणि कुणी पडलं तर मी खाली जाऊन त्याच्या घरचा नंबर विचारणार."

"हं," यजमान म्हणाले. त्यांचे ओठ अजून जांभळे होते.

बाईंनी तासाभरात सुताराला फोन लावला. स्वयंपाकघराची खिडकी अर्ध्यावर अडकते, ती रंधा मारून घ्यायची होती. सुतार म्हणाला, एवढ्याशा कामाला पुढच्या महिन्यात येतो. बाई म्हणाल्या, चालेल, पण खिडकी अशी झाली पाहिजे की एका बोटानं धाडकन उघडेल, आणि उघडताना आधी मुळीच आवाज करणार नाही.